सवतीचा खोकला

४ सप्टेंबर

खटपट्यास, त्याच्या विस्मरणात गेलेल्या आजीकडून आशीर्वाद.

तुला एक आजी आहे. डोंगरावरच्या गावात राहते, दात थोडे उरलेत, जीभ मात्र पूर्ण आहे. आठवतंय का बघ. नसेल आठवत तर शेजारीपाजारी विचार, लोकांना दुसऱ्यांच्या आज्या बऱ्या लक्षात राहतात. पोचल्या पोचल्या पत्र टाकतो म्हणाला होतास. उन्हाळा लागायच्या आत खाली गेलास, आता झाडं पिवळी व्हायला आली. ते पत्र बहुधा पायी निघालं असावं. टपालवाला रोज माझ्या दारावरून जातो आणि मी काही विचारायच्या आधीच लांबून "काही नाही, आजी" म्हणतो. बिचाऱ्याला माझ्यासमोरून जायची लाज वाटायला लागली आहे. वाटायला तुला हवी.

फोनचं नाव काढू नकोस. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्रात निदान वाक्य पुरं करावं लागतं.

हे पत्र शेजारची शिंपीणबाई लिहिते आहे. मला अक्षरं येत नाहीत आणि तिला गप्प बसता येत नाही, म्हणून आमचं जमतं. फक्त ती माझी वाक्यं कापडासारखी बेतून कापते, म्हणून प्रत्येक ओळ मी परत वाचून घेते.

आता कामाचं. दवाखान्यातली नर्स घरोघर फिरत होती. तिने माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाली की दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय, खाली तुझ्या शहरात डोळ्यांचं इस्पितळ आहे तिथे जायला हवं. वीस ऑक्टोबर अशी तारीखही तिने घेऊन टाकली. ती हुकली तर पुढची थंडी संपल्यावर. कशा येणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं, माझा नातू येईल, आमची घरची गाडी आहे. बसचं तिने सुचवलं होतं. बंद गाडीत माझ्या पोटातलं सगळं तिसऱ्या वळणाला बाहेर येतं हे तुला ठाऊक आहे. मागे एकदा त्याच वळणावर उतरून मी चालत घरी आले होते. तो घाट मी आयुष्यात एकाच जागी बसून उतरले आहे, तुझ्या आजोबांच्या पाठीमागे, त्या मोटारसायकलवर.

तेव्हा माझ्या सवतीला तयार ठेव. सवतच ती. संध्याकाळ झाली की हे तिच्यापाशी बसायचे. माझ्या सांध्यांना तेल नसलं तरी चालायचं, तिच्या साखळीला हवंच. तरी तिचा आवाज आला की मी चुलीवर पाणी ठेवायची. ती बरी आहे ना, एवढं कळव.

डोळ्यांचं फार मनावर घेऊ नकोस. थोडं धुकं आहे, बाकी काही नाही.

तुझी,
आजी

(आजी आत गेल्या आहेत तेवढ्यात लिहिते. धुकं थोडं नाही. परवा त्यांनी पेटत्या गॅसवर भांडं म्हणून टोपलीचं झाकण ठेवलं. कपाळाला खोक आहे, दाराची चौकट लागली. भर दुपारी मला विचारतात, दिवा लावलास का गं. उत्तरात यातलं काही लिहू नकोस. तुझं पत्र मीच वाचून दाखवणार, पण माझा आवाज जरा अडखळला तरी त्यांना कळतं. शिंपीण.)

*

१३ सप्टेंबर

प्रिय आजी,

पायी निघालेलं पत्र हे समज. चुकलं माझं. सकाळी लिहायला बसतो आणि कुठल्या तरी इमारतीतून फोन येतो की लिफ्ट अडकली आहे. मग दिवसभर मी लोकांना वरखाली करत असतो आणि घरी येतो तेव्हा माझा एक जिना मला चढवत नाही. कामाची तक्रार नाही. काम चांगलं आहे, फक्त ते संपत नाही.

वीस तारीख मी साहेबांकडून मागून घेतली आहे. तू येणार, हे नक्की. कशी येणार, त्याचं मात्र बोलायला हवं.

तुझी सवत बरी नाही. इथे आणली तेव्हापासूनच तिचं बिनसलं आहे. सकाळी चोक ओढून किक मारली की सुरू होते, पहिली दोन वळणं शहाण्यासारखी जाते. गरम झाली की खोकला. मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटाके, मूठ पिळली की पुढे जायच्या ऐवजी आचके. सिग्नलला थांबलो की मरते. एका इमारतीचा पहारेकरी मी फाटकातून आत शिरलो की खुर्चीतून खाली वाकतो. पहिल्या दिवशी तो खरंच घाबरला होता, आता माझी टिंगल म्हणून वाकतो.

तीन मिस्तरींना दाखवून झालं. एकाने टायमिंग बसवलं, एकाने प्लग बदलला, तिसऱ्याने कार्बुरेटर उघडून लखलखीत धुऊन दिला. प्रत्येकाने आधीच्याला शिव्या घातल्या. चार दिवसांनी प्लग काढून बघावा तर पांढराफटक, भाजल्यासारखा. मिस्तरी म्हणतात, फार तापतेय, वय झालं.

मला वाटतं ती दमली आहे, आजी. मलाही तिच्यामागे पळून दम लागला आहे. तुझ्यासाठी मी माझ्याबरोबर काम करणाऱ्याची मोटार मागतो. पुढच्या सीटवर बस, काच पूर्ण खाली करू, प्रत्येक वळणावर थांबू.

पण एक विचारतो. असा खोकला आजोबांच्या वेळी कधी झाला होता का? ते काय करायचे?

तुझा,
खटपट्या

*

२१ सप्टेंबर

खटपट्या,

पत्र पोचलं. टपालवाल्याने ते नुसतं दिलं नाही, दारात उभं राहून शिंपीणबाईकडून अर्धं वाचून घेतलं. गाडी मरते असं ऐकलं तेव्हा हळहळला. म्हणजे आता गावाला माहीत आहे.

मोटारीचं परत लिहू नकोस. काच उघडी ठेवली म्हणून पोटाला काय कळणार आहे. आणि परक्या माणसाच्या गाडीत मी जे करीन ते तुला पुसावं लागेल, त्याला नाही.

आजोबांचं विचारलंस. त्यांच्या दुरुस्तीत माझं काम म्हणजे टॉर्च धरायची. आणि ती मी आयुष्यभर चुकीच्या जागी धरली, असं त्यांचं मत होतं. हात त्यांचे मध्ये, उजेड पडणार कुठून. तर टॉर्च धरून धरून मला जे कळलं ते सांगते. यातलं काय खरं आणि काय त्यांनी माझी समजूत काढायला सांगितलं, ते तू निवड.

एक म्हणजे, टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की टाकीला श्वास घेता येत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. सुई घालून बघ. दुसरं, खोकला कुठल्या तोंडाने येतो ते आधी ऐक. मागून येतो का पुढून, मूठ पिळताना का सोडताना. हे म्हणायचे, आधी ऐकावं, मग पाना उचलावा. माझ्या बाबतीत त्यांनी हे कधी पाळलं नाही, पण गाडीचं ते अगदी मान वाकडी करून ऐकायचे. तिसरं, कार्बुरेटर आणि इंजिनाच्या मध्ये एक रबरी नळी आहे. गाडी चालू ठेवून तिच्यावर पाण्याचे थेंब सोडायचे. थेंब पडला आणि आवाज पालटला की तिथे चीर आहे, ती चोरून हवा पिते. मला टॉर्च खाली ठेवून बाटली धरावी लागायची.

चौथं काही आठवत नाही. असेल, पण आठवत नाही. हल्ली सकाळी उठून बसायचाच कंटाळा येतो. उजेड आणि अंधार यातला फरक कमी झाला की माणूस उठतो कशासाठी हेच कळेनासं होतं. हे शिंपीणबाई लिहू का म्हणून विचारते आहे. लिही, त्यात काय.

तू बसून तिचा आवाज ऐक आणि मला लिहून कळव. फट का फुस का ठक, नीट लिही. मिस्तरी तीन केलेस, चौथी मी.

तुझी,
आजी

*

३० सप्टेंबर

प्रिय आजी,

टाकीचं भोक मोकळं निघालं. रबरी नळीला मात्र खरंच चीर होती. थेंब सोडला आणि आवाज एकदम खाली गेला, नेमका तू सांगितलास तसा. नळी नवी घातली. पहारेकऱ्याने त्या दिवशी उगाच वाकून घेतलं. पुढून येणारी फुस गेली आणि मागची फट निम्मी झाली. पण निम्मी राहिली, आचकेही राहिले.

रविवारी मी तिला घेऊन घाटात आलो होतो. तुला सांगितलं नव्हतं, म्हटलं जमलं तर थेट दारात येऊन उभा राहीन. पायथ्यापाशी ती दोनदा मेली. चोक अर्धा ओढून ठेवला तर चालत होती, तशीच रडतखडत चढवली. आणि वर यायला लागल्यावर बघ काय झालं. जुन्या नाक्याच्या वरती तिचा खोकला कमी झाला. पाण्याच्या टाकीच्या वळणावर मी चोक बंद केला तर ती अशी पळाली की मलाच भीती वाटली. म्हटलं, हिला घरचा रस्ता कळला. तेवढ्यात फोन आला, दोन माणसं लिफ्टमध्ये अडकली होती, मागे फिरावं लागलं. उतरून सपाटीला लागलो आणि पुन्हा फटाके.

मिस्तरींना हे सांगितलं तर ते हसले. एक म्हणाला, तिची तब्येत बघून चालव, म्हातारी माणसं कधी बरी असतात कधी नसतात.

आजी, रागावू नकोस. मी एका भंगारवाल्याशी बोललो आहे. दहा तारखेला तो टेम्पो घेऊन येईल. वीस तारीख जवळ आली, आणि त्या वळणांवर तू मागे बसलेली असताना ही मेली तर काय करायचं, या विचाराने मला झोप लागत नाही. मला ती आजोबांसाठी ठेवायची होती. पण ठेवायलाही अंगात थोडं बळ लागतं, ते या महिन्यात माझ्याकडे नाही.

मोटार मिळाली आहे. आणि एक विचारतो, चिडू नकोस. धुकं किती आहे, ते मला खरं सांग.

तुझा,
खटपट्या

*

५ ऑक्टोबर

खटपट्या,

धुकं किती आहे विचारतोस. शिंपीणबाई वाचता वाचता तिथे अडखळली, तेव्हाच मला कळलं की कुणी तरी तुझ्या कानाशी लागलं आहे. मी तिला पुढचं वाच म्हटलं. आता लिहिताना तिचीच मान खाली असेल. मला दिसत नाही, पण असेल.

तर खरं ऐक. डाव्या डोळ्याने काही नाही. उजव्याने, कुणी दारात उभं राहिलं तर तिथला उजेड कमी होतो, एवढं कळतं. कोण आहे ते चपलेच्या आवाजावरून. माझा हात मी डोळ्यासमोर धरला तर तो माझाच आहे यावर मला विश्वास ठेवावा लागतो.

गाडी विकायची असेल तर वीक. मी रागावले नाही, ठेवायला बळ लागतं असं तू म्हणालास, तसं रागवायलाही लागतं. पण मग मला न्यायला येऊ नकोस. मोटारीत बसून ओकत ओकत त्या इस्पितळात जायचं, आणि कशासाठी? बघायचं होतं ते बघून झालं. नर्सला सांग, आजीने तारीख परत केली.

काल दिवसभर पडून होते आणि तो घाट आठवत होते. वर्षातून दोनदा आम्ही खाली जायचो, यांच्या बहिणीकडे. शेवटचं वळण उतरलं की नाक्याखाली निळ्या दाराचं चहाचं दुकान होतं. तिथे हे थांबायचेच. मला म्हणायचे, तू आत जाऊन चहा घे, मी जरा गाडी बघतो. आणि मी आत गेले की बाहेर बसून सिगारेट. हातात पाना असायचा, म्हणजे कुणी बघितलं तर दुरुस्ती चालली आहे. परत येताना पुन्हा त्याच दुकानापाशी तेच. वरच्या गावात ती गाडी वर्षभर तक्रार करायची नाही, आणि बिघडायची कुठे तर जिथे सिगारेट मिळते तिथे. हे मी नणंदेच्या घरी सगळ्यांसमोर बोलून दाखवायची. लोक पोट धरून हसायचे. हेही हसायचे. एकदाच म्हणाले, खाली हिची तहान वाढते. मी म्हटलं, तुमची वाढते, तिच्यावर कशाला ढकलता.

आणि ती पितळेची खुंटी. पावट्याच्या दाण्याएवढी, मधून भोक. ती काढून माझ्या हातात द्यायचे, गरम गरम, आणि म्हणायचे सांभाळ, ही हरवली तर आपण इथेच. जाताना एक द्यायचे, येताना दुसरी. मी रुमालाच्या गाठीत बांधायची. शेवटचं खाली जाऊन आलो तेव्हाची अजून माझ्या बटणांच्या डब्यात आहे. काल डबा मांडीवर घेऊन चाचपली, बटणांत बरोबर सापडली. शिंपीणबाईला म्हटलं, ही पण घाल पाकिटात. सवतीचा दागिना आहे, भंगारात जाते तर अंगावर घालून जाऊ दे.

तुझी,
आजी

(खुंटी फडक्यात शिवून पाकिटात घातली आहे, उसवताना पाडू नकोस. तिच्या कडेला बारीक अक्षरात ११० कोरलं आहे. आजी तीन दिवस जेवल्यासारखं जेवलेल्या नाहीत. हे मी त्यांच्यासमोर, त्यांना वाचून दाखवून लिहिते आहे. शिंपीण.)

*

१२ ऑक्टोबर

प्रिय आजी,

भंगारवाला दहाला येणार होता. आला नाही, कारण त्याचाच टेम्पो रस्त्यात बंद पडला. तुझं पत्र अकराला आलं. मी ते जिन्यात उभ्याउभ्या वाचलं आणि पायरीवर बसून पुन्हा वाचलं.

तुझ्या हातातल्या त्या खुंटीला जेट म्हणतात. त्याच्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. भोक मोठं तर पेट्रोल जास्त, लहान तर कमी. मी तसाच खाली गाडीपाशी जाऊन कार्बुरेटर उघडला. आतल्या जेटवर आकडा होता ८५.

वर आपल्या गावात हवा विरळ असते, आजी. तिथे पेट्रोलही कमी लागतं, म्हणून लहान भोक. खाली हवा दाट, तिथे त्याच लहान भोकाने तिला पुरत नाही. नुसती हवा पिऊन ती तापते, आचके देते, फटाके फोडते. म्हणूनच चोक ओढला की बरी चालायची आणि घाट चढला की शहाणी व्हायची. तिला झालेलं काहीच नव्हतं. ती खाली येऊन उपाशी होती.

मिस्तरींनी ते भोक धुऊन, फुंकून, उजेडात धरून पुन्हा तेच बसवलं. गाडी कुठून आली हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. डोंगरावरून आणली, हे मला सांगण्यासारखं वाटलंच नाही. आपल्याला आपलं गाव उंच आहे असं कधी वाटत नाही. बाकीचं जग खाली आहे असं वाटतं.

आजोबा सिगारेट ओढत असतील, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण आत तुझ्या चहाचं पाणी उकळेपर्यंत ते दरवेळी हेच काम उरकत होते. इंजिन तापलेलं, हात भाजत असतील. इतकी वर्षं तू चिडवलंस आणि त्यांनी तुला चिडवू दिलं.

११० बसवला. दोन-चार किकमध्ये सुरू झाली. मी तिला शहराभोवती मोठा फेरा मारून आणलं, सिग्नलला मुद्दाम थांबलो, मूठ सोडली, पिळली. काही नाही, नुसती धडधड. पहारेकऱ्याने फाटकात मला अडवलं आणि कुणाकडे जायचं आहे म्हणून विचारलं. भंगारवाला आज आला. त्याला चहा पाजून परत पाठवला. जाताना तो म्हणाला की त्याच्या टेम्पोचंही मी जरा बघावं.

तारीख परत करायची नाही. एकोणीसला सकाळी मी निघतो. दोन्ही जेट खिशात आहेत. पायथ्याला थांबून लहान घालीन, उतरल्यावर मोठा. निळ्या दाराचं दुकान अजून आहे की नाही माहीत नाही, पण थांबायचं तिथेच. काढलेला जेट कुणाच्या तरी हातात द्यावा लागेल. माझ्या हातून अशा वस्तू हरवतात, हे तुला ठाऊक आहे.

जेवून घे. मागे नीट धरून बसायचं तर अंगात काही तरी हवं.

तुझा,
खटपट्या

*

६ डिसेंबर

खटपट्या,

मला घरी सोडून गेलास आणि पुन्हा पत्र नाही. तेव्हा मीच सुरुवात करते. आपल्या घरात हे काम बायकांकडेच आहे.

पट्टी निघाली, थेंब चालू आहेत. उजवा डोळा चांगला आहे. नर्स येऊन बोटं दाखवून गेली. मी तिला बोटं सांगितली आणि अंगठीतला खडा खोटा आहे तेही सांगितलं. डावा गेला तो गेला. तू डॉक्टरीणबाईला कोपऱ्यात घेऊन विचारत होतास, ते मी ऐकलं. नस सुकली आहे, वर्षभर आधी आणायला हवं होतं, असं ती म्हणाली. नंतर तू मला येऊन सांगितलंस की डाव्याचं नंतर बघू. मी बरं म्हटलं. तू मला सांभाळून घेत होतास, मी तुला. वर्षभर आधी मीच कुणाला सांगितलं नव्हतं, तर तू काय आणणार होतास. त्यावरून स्वतःला टोचत बसू नकोस. एक डोळा पुष्कळ आहे. सुईत दोरा एका डोळ्यानेच ओवतात, हे शिंपीणबाईचं म्हणणं. तिच्या म्हणण्याला कधी कधी अर्थ असतो.

एका डोळ्याने काय काय बघितलं ते सांगते. शिंपीणबाईचे केस पांढरे झालेत, आणि तिने मला सांगितलं नव्हतं. माझ्या भिंतीवर स्वयंपाकाचा काळा ओघळ आहे, छतापासून खालपर्यंत. माझे हात माझ्या आईचे झालेत. यांचा फोटो खाली काढून पुसला. गाडीला टेकून उभे आहेत. इतकी वर्षं वाटायचं की फोटो काढणाऱ्याकडे बघतायत. नाही. मान जराशी वाकडी आहे. इंजिन चालू असणार, ऐकतायत. मी त्यांना म्हटलं, सांगायचं होतं नीट समजावून, मी काय अगदीच मठ्ठ नव्हते. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी नणंदेकडे बोलले काय असते.

आणि तुला बघितलं. इस्पितळात पट्टी काढली तेव्हा समोर तूच होतास. मी म्हटलं होतं, किती छान दिसतोस. ते नर्सच्या ऐकण्यासाठी होतं. खरं सांगते. तू दमलेला दिसतोस. डोळ्यांखाली काळं, गालाची हाडं वर आलेली. तुझ्या खोलीत राहिले तेव्हा बघितलं की ताट एक आहे आणि तेही कोरडं. उभ्याने खातोस, तेसुद्धा जिन्यातून उतरता उतरता. कामाचा शर्ट घालून झोपतोस, म्हणजे सकाळी वेळ वाचतो. परत येताना त्या चहाच्या दुकानापाशी तू जेट बदलत होतास. दार आता हिरवं केलंय, पण चहा तसाच पाणचट. मी आत बसले नाही. बाहेर येऊन तुझ्या मागे उभी राहिले आणि टॉर्च धरली. ऊन होतं, टॉर्च लागत नव्हती. तू हात जरा बाजूला घेतलास. काम झाल्यावर हातातला पाना तसाच धरून तू खाली बसून राहिलास, चांगला वेळ. मी म्हटलं, "ऊठ आता." तू म्हणालास, "बसू दे जरा, आजी. इथे कुणी बोलवत नाही."

ते माझ्या कानात राहिलं आहे. मी शहाणपण सांगणार नाही, काम सोड असंही म्हणणार नाही. सोडून करणार काय, इथे एकाच घराला वरचा मजला आहे. पण महिन्यातून एक रविवार वर ये. निमित्त म्हणून माझ्या डोळ्याचे थेंब आण. दुकानापाशी थांबशील तेव्हा फोन बंद कर. लोक थोडा वेळ लिफ्टमध्ये अडकले तर एकमेकांशी बोलतील.

आणि येशील तेव्हा अंजिरं आण. तू खाली जाताना माझ्यासाठी सुक्या अंजिरांचा डबा ठेवून गेला होतास. मी रोज संध्याकाळी एक खायची, एक शिंपीणबाईला द्यायची. दिवसेंदिवस ती जास्त चविष्ट लागत होती. परवा डबा खिडकीत नेऊन एक अंजीर फोडून बघितलं. आत अळ्या होत्या, चांगल्या गुबगुबीत, आपल्यापेक्षा सुखात. डबा तसाच मातीत पुरला. शिंपीणबाईला सांगितलं नव्हतं. आत्ता कळलं तिला, लिहिता लिहिता. हात थांबलाय तिचा. लिही गं, जे पोटात गेलं ते गेलं.

तेव्हा नवी सुकी अंजिरं दोन डबे आण, एक माझा आणि एक तिचा, तिचा जरा मोठा. तिसरा तुझ्याजवळ ठेव आणि त्यातलं रोज एक ताटात घेऊन, खाली बसून खा. आणि डबे बंद करायच्या आधी प्रत्येक अंजीर फोडून बघ, आता मला दिसतं.

तुझी,
आजी